चित्र तुमचे, चावी कोणाची?



मी ज्या परभणी जिल्ह्यात पदार्थविज्ञान शिकवतो, तेथे सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. या गावात एक जुनी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. साध्या बारवेच्या पायऱ्या सरळ पाण्याकडे उतरतात. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या मात्र चक्राकार फिरत खाली जातात. कित्येक वर्षे ही बारव गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि आता लोक ती मुद्दाम पाहायला येतात.

एका तालुका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने याच बारवेवर प्रकल्प मांडला होता. दोरी आणि टेप घेऊन तिने मापे घेतली होती, वहीत ती नीट टिपली होती, आणि शाळेतल्या संगणकावर बारवेचा उभा छेद काढला होता. आम्ही परीक्षक तिच्या टेबलापाशी आलो तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने संगणकाची कळ दाबली. पडद्यावर चित्र आले नाही. एक चौकट आली, आणि तीत इंग्रजीत लिहिले होते, की या कार्यक्रमाची मुदत संपली आहे, परवाना विकत घ्यावा.

तिचे शिक्षक गोंधळले. "काल चालत होतं हो सर," असे म्हणून त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. मग हळू आवाजात सांगितले, की संगणक दुरुस्त करणाऱ्याने तो कार्यक्रम तसाच 'टाकून दिला' होता. 'तसाच' या शब्दाचा अर्थ तेथे उभ्या असलेल्या सर्वांनाच कळला. आम्ही वही पाहून गुण दिले आणि पुढे निघालो. इतक्यात त्या मुलीने विचारले, "सर, चित्र तर मी काढलंय. मग ते मलाच का उघडता येत नाही?"

त्या वेळी माझ्यापाशी चटकन देता येईल असे उत्तर नव्हते. आज या लेखातून ते देण्याचा प्रयत्न करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ज्या साधनाच्या आत पाहण्याची आपल्याला बंदी आहे, त्या साधनाने विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शिकावयास सुरुवात करू नये, आणि त्या साधनाची चोरटी प्रत तर मुळीच वापरू नये. चित्रे काढण्यासाठी आज अशी उत्तम साधने उपलब्ध आहेत, की ज्यांना कुलूपच नाही.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

संगणकाला जे काम करावयाचे असते त्याच्या आज्ञा माणूस आधी वाचता येईल अशा भाषेत लिहितो. या लिखाणाला मूळ संहिता म्हणतात. मग तिचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या अंकांत होते. बाजारातील बहुतेक कार्यक्रम आपल्याला या दुसऱ्या रूपात मिळतात. ते चालवता येतात, पण वाचता येत नाहीत. हे म्हणजे भाकरी मिळाली, पण पीठ कोणते आणि तवा किती तापवला हे विचारायचे नाही, असे झाले.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तेथील छपाईयंत्रात वरचेवर कागद अडकत असे. जुन्या यंत्राची मूळ संहिता हाताशी असल्याने, कागद अडकल्यावर तसा निरोप सर्वांना जावा अशी सुधारणा त्याने स्वतःच केली होती. नवे यंत्र आले तेव्हा मात्र त्याची संहिता कोणी देईना. आपल्याला दुरुस्ती करता येते, पण करू दिली जात नाही, याची त्याला चीड आली. १९८३ साली त्याने 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय? ज्यात वापरणाऱ्याला चार मोकळिकी आहेत ते. कोणत्याही कामासाठी ते चालवण्याची. ते आतून कसे चालते हे पाहण्याची आणि त्यात बदल करण्याची. त्याच्या प्रती दुसऱ्यांना देण्याची. आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याची. यातल्या अनेक कार्यक्रमांना एकच मोठी अट असते: तुम्ही ज्याला प्रत द्याल त्यालाही ह्याच मोकळिकी दिल्या पाहिजेत.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. फुकट मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसते. फोनवर चित्रे जुळवून देणारे कितीतरी कार्यक्रम फुकट मिळतात. पण तुमचे चित्र दूर कोठेतरी त्यांच्या संगणकावर राहते, त्यावर कधी त्यांचा शिक्का उमटतो, आणि उद्या त्यांनी दार बंद केले तर चित्र आतच राहते. त्या मुलीच्या चित्राचे झाले तेच येथेही होऊ शकते. फरक इतकाच, की येथे चोरी कोणीही केलेली नसते.

बारव आणि बाटली

हा फरक समजावून घेण्यासाठी पुन्हा वालूरला जाऊ. बारवेचे पाणी आणि दुकानातील बाटलीबंद पाणी, दोन्हींनी तहान भागते. बाटली सोयीची असते, हेही खरे. पण बारवेच्या काठावर उभे राहून तुम्ही तळापर्यंत पाहू शकता. पाणी किती आहे, कोठून झिरपते, कोणता दगड निखळला आहे, हे दिसते. दगड निखळला असेल तर गावातला कोणीही तो बसवू शकतो. तुम्ही एक घागर भरून नेली म्हणून शेजाऱ्याची घागर रिकामी राहत नाही. आणि सॉफ्टवेअरच्या बारवेत तर गंमत अशी, की कितीही घागरी भरल्या तरी पाण्याची पातळी तसूभरही खाली जात नाही!

मात्र बारव सर्वांची असते म्हणून ती आपोआप स्वच्छ राहत नाही. कोणी उतरून गाळ काढला नाही तर ती बुजते. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. त्यामागे कोणाचे तरी श्रम असतात. म्हणून ते 'फुकटचे' समजून वापरणे बरोबर नाही. ते सामाईक आहे, असे समजून वापरले पाहिजे.

आत डोकावून पाहिले तर

"पण सर, आम्हाला चित्र काढायचे आहे. आत काय आहे याच्याशी आम्हाला काय करायचे?" असे तुमच्यापैकी कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. तेव्हा तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण वर्तुळाचे. संगणकावर चित्र साठवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत चित्राचे बारीक ठिपके पाडतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांनी लिहून ठेवतात. एका इंचात ३०० ठिपके धरले, तर ए-फोर आकाराच्या कागदाला सुमारे २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे जवळजवळ ८७ लाख ठिपके लागतात. दर ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन अंक. मग तुम्ही कागदावर एकच वर्तुळ का काढलेले असेना! दुसऱ्या रीतीत फक्त एवढेच लिहितात: वर्तुळ, केंद्र अमुक ठिकाणी, त्रिज्या अमुक, रंग अमुक. झाले. हे वर्तुळ टपाल तिकिटाएवढे छापा किंवा भिंतीएवढे, कड कोठेही खडबडीत होत नाही. निर्देशक भूमितीत तुम्ही जे शिकता तेच हे.

इंकस्केप हा मुक्त कार्यक्रम या दुसऱ्या रीतीने काम करतो. तो चित्र ज्या पद्धतीने साठवतो तिला एस.व्ही.जी. म्हणतात. ती २००१ साली जाहीर झालेली खुली पद्धत आहे, आणि तिचे नियम कोणालाही वाचता येतात. इंकस्केपमध्ये काढलेले चित्र साध्या मजकूर लिहिण्याच्या कार्यक्रमात उघडून पाहा. केंद्र, त्रिज्या, रंग, सगळे ओळीने लिहिलेले दिसेल. त्रिज्येचा आकडा तेथेच बदला, आणि चित्र पुन्हा उघडा. वर्तुळ मोठे झालेले असेल. उद्या इंकस्केप नाहीसे झाले तरी हे चित्र वाचता येईल. त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे.

दुसरे उदाहरण छायाचित्राचे. गिंप नावाच्या मुक्त कार्यक्रमात छायाचित्र थोडे 'धूसर' करण्याची सोय आहे. कळ दाबली की चित्र मऊ होते. ही जादू कशी घडते? अगदी साध्या प्रकारात एक ठिपका आणि त्याच्याभोवतीचे आठ ठिपके घेतात, आणि नऊ अंकांची सरासरी काढून ती मधल्या ठिपक्याच्या जागी लिहितात. समजा, मधला ठिपका २०० इतका उजळ आहे आणि भोवतालचे आठही ठिपके २० आहेत. बेरीज झाली ३६०. तिला नऊने भागले की ४०. एकटाच चमकणारा ठिपका मवाळ झाला! सातवी-आठवीत शिकलेली सरासरी ती हीच. सरासरीऐवजी शेजारच्या दोन ठिपक्यांची वजाबाकी केली, तर जेथे उजेड एकदम बदलतो तेथेच मोठा अंक येतो, म्हणजे चित्रातल्या वस्तूंच्या कडा उठून दिसतात. खरा कार्यक्रम याहून चतुराईने काम करतो. पण ती चतुराई काय आहे, हे गिंपची संहिता उघडून कोणालाही वाचता येते. कुलूपबंद कार्यक्रमात मात्र कळ दाबायची आणि गप्प बसायचे.

तिसरे उदाहरण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला सर्वांत आवडणारे. पोव्ह-रे नावाचा एक मुक्त कार्यक्रम आहे; १९९१ पासून हौशी मंडळी तो वापरत आणि वाढवत आली आहेत. यात हाताने चित्र काढायचेच नसते. देखावा शब्दांत लिहायचा असतो: डोळा येथे ठेवा, दिवा तेथे ठेवा, या ठिकाणी एवढ्या त्रिज्येचा गोल ठेवा, तो पारदर्शक करा आणि त्याचा अपवर्तनांक १.५ माना. मग संगणक डोळ्यापासून उलट दिशेने, पडद्याच्या एकेका ठिपक्यातून एकेक किरण सोडतो. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या चित्राला ३,०७,२०० किरण. किरण आरशावर आदळला की आपाती कोन बरोबर परावर्तन कोन. काचेत शिरला की स्नेलचा नियम. दहावीच्या पुस्तकातल्या दोन नियमांतून हुबेहूब छायाचित्रासारखे चित्र उभे राहते. टर्नर व्हिटेड या संशोधकाने १९८० साली ही किरण-मागोव्याची रीत परावर्तन आणि अपवर्तनासह मांडली, तेव्हा त्याच्या एका चित्राला त्या वेळच्या संगणकावर ७४ मिनिटे लागली होती. आज तुमच्या शाळेतला जुना संगणकही तसे चित्र पाहता पाहता काढील.

येथे असे प्रयोग करता येतात, की जे प्रयोगशाळेत सहज जमत नाहीत. पाण्यात पाण्याइतक्याच, म्हणजे १.३३ अपवर्तनांकाचा रंगहीन गोल ठेवा. तो दिसेनासा होईल. बारवेत पाणी भरा आणि वरून सरळ खाली पाहा. चार मीटर खोल असलेली पायरी तीन मीटरवरच आहे असे वाटेल, कारण चार भागिले १.३३ बरोबर सुमारे तीन. अपवर्तनांक बदलून हिऱ्याचा २.४२ करा, आणि पायऱ्या आणखी किती वर आल्याशा वाटतात ते पाहा. चित्र काढता काढता प्रकरण पाठ न करता समजते!

वर्गणी काढून सोडवलेला कार्यक्रम

हे कार्यक्रम कोणी मोठ्या कारखान्यांनी बनवले असतील असे तुम्हाला वाटेल. गिंपची सुरुवात १९९५ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली. कार्यक्रमाच्या खिडक्या आणि बटणे काढण्यासाठी त्यांनी जी उपकरणपेटी तयार केली, ती पुढे इतर असंख्य मुक्त कार्यक्रमांनी वापरली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गरजेपोटी केलेले काम जगाच्या उपयोगी पडले.

ब्लेंडरची गोष्ट तर आपल्या गावांत शोभेल अशी आहे. त्रिमिती चित्रे आणि चलचित्रे बनवण्याचा हा कार्यक्रम नेदरलँड्समधील टॉन रूझेंडाल यांनी घडवला. तो ज्या कंपनीच्या मालकीचा होता ती २००२ साली बंद पडली. तेव्हा रूझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी ठराव केला: एक लाख युरो जमा झाले, तर संहिता सर्वांसाठी खुली करायची. जगभरच्या हौशी लोकांनी वर्गणी दिली, आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त झाला. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आपण वर्गणी काढतो, तशी ही एका कार्यक्रमाच्या सुटकेसाठी काढलेली वर्गणी! याच ब्लेंडरवर लॅटव्हियातील गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'फ्लो' हा एका मांजराचा शब्दविरहित चित्रपट केला, आणि २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" हे आमच्या जिल्ह्याविषयीचे बोल तुम्ही ऐकले असतील. कोठे काही जमले नाही तर माणसाने परभणी गाठावी, असा त्याचा भाव. ऐकणारे हसतात, आम्हीही हसतो. पण त्या हसण्यामागे एक समजूत दडलेली आहे, की नवे काही घडते ते दुसरीकडे, आणि आपण ते तयार झाल्यावर वापरायचे. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही समजूत खरी ठरत नाही. बर्कलीतल्या विद्यार्थ्याला जी संहिता दिसते, तीच गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या विद्यार्थ्याला दिसते. एका अक्षराचाही फरक नाही.

आपली अक्षरे

मराठी माणसाला या विषयाशी आणखी एक नाते आहे, ते देवनागरीचे. 'विद्यार्थी' हा शब्द लिहून पाहा. बोलताना आधी 'व' येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पण कागदावर वेलांटी 'व'च्या डावीकडे बसते. 'र्थी'मधला 'र' आधी उच्चारला जातो, पण रफार होऊन 'थी'च्या डोक्यावर जातो. संगणकाला हे सारे शिकवावे लागते. ते नीट शिकवले नसेल तर मराठी फलकावर वेलांट्या भलतीकडे गेलेल्या आणि जोडाक्षरे सुटलेली दिसतात. पूर्वी यावर एक तोडगा होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. त्याने पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच राही. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अगम्य चिन्हांची रास!

युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. आणि अक्षरे योग्य जागी मांडण्याचे काम हार्फबझ नावाचा एक मुक्त कार्यक्रम करतो. इंकस्केप त्याचा उपयोग करतो; तुमच्या घरच्या ॲन्ड्रॉइड फोनमध्येही तोच आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली मिळतो. कोणीही तो वापरावा, त्यात भर घालावी. हस्तलिखितासाठी किंवा प्रकल्पाच्या तक्त्यासाठी चोरटे फाँट शोधत फिरण्याची आता आवश्यकता उरलेली नाही.

आक्षेपांचा विचार

माझे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. शिक्षक-मित्रांकडून तीन आक्षेप मी वरचेवर ऐकतो.

पहिला आक्षेप असा, की गावातला फ्लेक्सवाला आणि छापखानदार बाजारातला प्रसिद्ध कार्यक्रमच वापरतो. मुलांना पोटापाण्याला तेच लागणार. यात तथ्य आहे. छपाईच्या शाईच्या चार रंगांचा हिशेब ठेवण्यात गिंप बराच काळ मागे राहिला, हे मान्य केले पाहिजे. काही गोष्टी विकतच्या कार्यक्रमांत अधिक सुबक आहेत. ज्याला पुढे तो व्यवसाय करायचा आहे त्याने रीतसर परवाना घेऊन तो कार्यक्रम जरूर शिकावा. पण शाळेचे काम थर म्हणजे काय, वक्ररेषा कशी वळवतात, ठिपके आणि रेषा यांत भेद काय, हे शिकवण्याचे आहे. हे कळलेला मुलगा कोणत्याही कार्यक्रमावर आठ-पंधरा दिवसांत हात बसवतो. ज्याने फक्त बटणांच्या जागा पाठ केल्या, तो नवी आवृत्ती आली की अडतो.

दुसरा आक्षेप असा, की चोरटी प्रत वापरल्याने कोणाचे काय बिघडते? मोठ्या कंपनीला त्याचे काय! कायद्याचे सांगायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाचे कार्यक्रमही त्याच्या संरक्षणाखाली आले. पण मला कायद्यापेक्षा वर्गाची काळजी अधिक वाटते. प्रयोगवहीत दुसऱ्याचे आकडे उतरवून काढले तर आपण विद्यार्थ्याला रागावतो. आणि त्याच विद्यार्थ्यासमोर आपण कुलूप फोडलेला कार्यक्रम सुरू करतो. मुले बोलून दाखवत नाहीत, पण पाहतात. शिवाय फोडलेल्या प्रतीतून संगणकाला रोग लागतो आणि वर्षभराचे काम एका दिवसात जाते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळा काढत नाही. माझ्या एम.एस्सी.च्या काळात आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही 'तसेच' टाकून घेतलेले कार्यक्रम वापरले. तेव्हा दुसरा मार्ग माहीत नव्हता, हे कारण मी देऊ शकतो. पण खरे सांगायचे तर मी तो शोधलाही नव्हता.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. "आमच्याकडे संगणक आहेत, पण खोलीला कुलूप आहे." वीज नसते, यंत्र जुने झाले आहे, काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने कितीतरी शाळांतील संगणकांवर धूळ साचते. मुक्त सॉफ्टवेअर त्या खोलीचे कुलूप उघडू शकत नाही. ते आपणच उघडले पाहिजे. एवढे मात्र सांगतो, की लिनक्ससारखी मुक्त प्रणाली आणि वर सांगितलेले कार्यक्रम जुन्या यंत्रांवरही पुष्कळदा चांगले चालतात. आणि ती वापरण्यासाठी कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत.

मग करायचे काय?

हे स्वप्नरंजन नव्हे. केरळ राज्यातील सरकारी शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरचाच आधार घेतला आहे, आणि तेथील माध्यमिक वर्गांच्या पुस्तकांतून गिंप आणि इंकस्केपचे धडे आले आहेत. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प चालवला आहे. त्यात मुक्त सॉफ्टवेअरवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे बोलके पाठ आहेत, आणि त्यांतील पुष्कळ पाठांना मराठी आवाज दिलेला आहे. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी पेन ड्राइव्हवरून ते कोणत्याही गावात नेऊन दाखवता येतात.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही इंकस्केपपासून सुरुवात करा. पुढच्या प्रकल्पाची एक आकृती, मग ती बहिर्वक्र भिंगाची असो वा कापसाच्या बोंडाची, त्यात काढा. ती साठवलेली फाइल मजकूर म्हणून उघडा आणि तीत तुमची वर्तुळे शोधा. छोट्या भावंडांना टक्स पेंट द्या. तो मुलांसाठीच केलेला मुक्त कार्यक्रम आहे. दहावीचे प्रकाशाचे प्रकरण सुरू होईल तेव्हा पोव्ह-रेमध्ये एक गोल आणि एक दिवा मांडा. काही चुकले, कोठे मराठी शब्द अडला, तर तो टिपून ठेवा. या कार्यक्रमांतील सूचनांचे मराठी भाषांतर हेसुद्धा कोणीतरी बसून करण्याचे काम आहे. ते करायला संहिता लिहिता यावी लागत नाही. चांगले मराठी आणि चिकाटी पुरते.

शिक्षकांनो, आपण एक लहानसा नियम करू. शाळेच्या संगणकावर जे काही आहे ते कोठून आले, हे विद्यार्थ्याने विचारले तर त्याला न लाजता सांगता आले पाहिजे. एवढा एक नियम पाळला तरी अर्धे काम होईल.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्हाला विचारावेसे वाटले असेल. तिच्या शिक्षकांनी नंतर मला फोन केला. मी त्यांना इंकस्केप कसे बसवायचे ते सांगितले. जुने चित्र काही उघडले नाही; ते गेले ते गेलेच. पण मापांची वही शाबूत होती. तीवरून तिने बारव पुन्हा काढली. चक्राकार रेषा काढण्याचे साधन त्यात तयारच होते, त्यामुळे पायऱ्या पहिल्यापेक्षा नेटक्या आल्या, असे ती म्हणाली. मग तिने ती फाइल दुसऱ्या एका मुलाला दिली, आणि त्याने आपल्या गावच्या बारवेसाठी तीतल्या पायऱ्या वापरल्या. त्यासाठी त्याला कोणाला विचारावे लागले नाही, आणि कोणापासून लपवावेही लागले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. बाळ, ते चित्र तुझेच होते. पण ते ठेवण्यासाठी तू जी पेटी घेतली होतीस तिची चावी दुसऱ्याकडे होती. पुढच्या वेळी पेटी निवडताना एवढेच पाहा, की ती आतून दिसते का, आणि ती तुला उघडता येते का.